आधी ‘घर?’, मग क्रेन

अन्याय झाला तो सिग्नलमन बलबीर आणि क्रेन ऑपरेटर शौकत या दोघांवर. कधी झाला तेही सांगतो, म्हणजे ‘असं काही झालंच नव्हतं’ म्हणायची सोय कुणाला उरणार नाही. सरहद्दीवर तोफा सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्याच सकाळी, कुवेतमध्ये, अर्दियाच्या गोदामांच्या भागातल्या आमच्या साइटवर, कामाआधीच्या मीटिंगमध्ये, सगळ्या गँगच्या देखत. साइट मॅनेजर चव्हाणसाहेबांनी त्या दोघांची जोडी तोडली. गुन्हा काय? बलबीर पूंछकडचा, म्हणजे आपल्या बाजूचा. शौकत समोरच्या डोंगरावरचा, म्हणजे त्यांच्या बाजूचा. बस.

संपादकांनी मला सांगितलं होतं, “तन्वीर, कामाचे अनुभव लिही, पण मराठी मंडळाचा दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं असू दे.” माफ करा. मी चिपळूणला कॉलेजात पत्रकं लिहीत मोठा झालो. एस.टी.ची बंद केलेली फेरी, वसतिगृहाचं पाणी, परीक्षेची फी, सगळ्यावर लिहिली. पत्रकाची शिस्त ठरलेली असते. वर अन्याय, खाली मागणी. खाली मागणी नसेल तर ती लग्नपत्रिका. तेव्हा मागणी येणार आहे, तयारीत राहा.

मी रिगर आहे. मंडळाच्या कार्यक्रमात हा शब्द काढला की लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या विषयावर जातात, म्हणून नीट सांगतो. क्रेन नुसती ताकद असते. तिच्या हुकाला वजन कुठे बांधायचं, पट्टा कुठल्या कोनात घालायचा, हवेत गेलेलं धूड दोरीनं फिरू न देता जागेवर कसं बसवायचं, हे आम्ही करतो. आपल्याकडे गोदीत याला खलाशी म्हणतात. माझे आजे दाभोळच्या बंदरातून बोटीवर खलाशी म्हणून गेले, मी वाळवंटात खलाशी झालो. मिरकाबच्या ज्या टोलेजंग इमारतीत तुम्ही एसीच्या गारव्यात बसून फायली हलवता ना, त्या एसीचं धूड छतावर आपोआप चढलेलं नाही. कुणाच्या तरी हातांनी ते शेवटचं वीतभर सरकवून बसवलंय. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

आता या धंद्यातली खरी मेख. क्रेनचा ऑपरेटर खाली केबिनमध्ये बसतो. वजन छताच्या कठड्यापलीकडे गेलं की त्याला काहीही दिसत नाही. तिथून पुढे तो आंधळा. त्याचे डोळे म्हणजे छतावर उभा असलेला सिग्नलमन. खालून दिसत असेल तर हातानं, नाहीतर वॉकीटॉकीवरून. सिग्नलमन सांगेल तेवढंच करायचं, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. आणि वजनाखाली, रबरी पॅड सरळ करत, आमचे हात. म्हणजे दोन माणसांच्या एकमेकांवरच्या विश्वासाखाली तिसऱ्याची बोटं असतात. तो तिसरा मी.

बलबीर आणि शौकतची जोडी ही आमच्या कंपनीची शान होती. बलबीर सरदार, उंच, पटक्यावर हेल्मेट चढवायचा आणि दिवसभर ते सावरत राहायचा. शौकत बुटका, पोट सुटलेला, केबिनमध्ये चढताना शिडीला शिव्या देणारा. दोघांची गावं एकाच ओढ्याच्या दोन काठांवरच्या डोंगरांत. मधून ती नियंत्रण रेषा जाते. एकमेकांचं गाव दोघांनी लांबून बघितलेलं, जवळून कधीच नाही. भेट झाली ती कुवेतमध्ये. दोघांची बोली एकच, पहाडी. वॉकीटॉकीवर ते पहाडीत बोलत.

बलबीरची पद्धत अशी होती की वजन खाली येत असताना तो बोलणं तोडायचा नाही. “आण, आण, आण, हळू, आण.” एकसुरी, झोप येईल असं. त्याचा आवाज थांबला की शौकतचा हात थांबायचा. काहीही कारण असो, खोकला येवो नाहीतर बॅटरी संपो, आवाज नाही म्हणजे वजन जागच्या जागी. मी त्या आवाजाच्या भरवशावर हात आत घालत आलो. आईच्या हाकेवरसुद्धा माझा एवढा भरवसा नव्हता.

आणि त्यांचा एक रिवाज होता. सीमेवर शस्त्रसंधी आहे असं आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण ती असतानाही अधूनमधून डोंगरात गोळे पडतात, आणि आपल्यापर्यंत त्याची एक ओळ येते, कधी तीही येत नाही. या दोघांना ती ओळ वाचायला लागत नसे, घरून फोन यायचा. म्हणून रोज सकाळी, शौकतनं शिडीवर पाय ठेवायच्या आधी, बलबीर विचारायचा, “घर?” शौकत म्हणायचा, “खैर.” मग शौकत विचारायचा, “घर?” बलबीर, “खैर.” मग हातमोजे चढवायचे. दोघांपैकी एकाचं उत्तर आलेलं नसेल तर वजन उचलायचं नाही. गोळा कुणी टाकला हे एकमेकांना कधी विचारायचं नाही, फक्त कुठं पडला ते विचारायचं. हा त्यांचा कायदा. मी एकदा शौकतला म्हटलं, “शौकतभाई, किसने पहले मारा, ये झगडा नहीं होता आप दोनों में?” तो म्हणाला, “तन्वीर, जिसके छत पे गिरता है, उसको नंबर से क्या? पहला गिरा कि दूसरा?”

तर तोफा सुरू झाल्या. या वेळी एका ओळीच्या नव्हे, मोठ्या. कॅम्पच्या मेसमध्ये टीव्हीच्या आवाजावरून दोन टेबलांत जुंपली, खुब्जच्या रोट्या उडाल्या, एकाचा चष्मा फुटला. बलबीर आणि शौकत त्यात नव्हते. ते बाहेर पायरीवर बसून आळीपाळीनं फोन लावत होते. पण सकाळी चव्हाणसाहेब ठरवूनच आले होते.

“आजपासून भारतीय आणि पाकिस्तानी एका गँगमध्ये नकोत,” ते म्हणाले. “बलबीर गेटवर. शौकतबरोबर सिग्नलला गुल.”

मी पुढे झालो. “सर, ही जोडी तोडू नका.”

“तन्वीर, मला साइटवर लढाई नकोय.”

“ती टीव्हीवाल्यांना हवीय. या दोघांना नकोय.”

“आज नसेल. उद्या कुणाच्या घरावर काही पडलं की? वजन हवेत असताना डोकं फिरलं की? गुल शौकतच्याच देशाचा आहे. घेतील समजून एकमेकांना.”

“गुल पठाण आहे, सर. त्याची भाषा वेगळी, कामाची पद्धत वेगळी. तो टॉवर क्रेनवरचा माणूस. एक पासपोर्ट म्हणजे एक भाषा नव्हे.”

“तुम्ही कोकणातले लोक चहाआधी वाद घालता की चहानंतर?”

“दोन्ही वेळेला.”

शब्द न कळताही गँग हसली, पण हुकूम बदलला नाही. त्या संध्याकाळी मी जुन्या सवयीनं एक पत्रक लिहून मेसच्या दारावर चिकटवलं. ‘पासपोर्ट बघून गँग लावू नका, हात बघून लावा.’ कॅम्प बॉसनं ते फाडलं आणि मला बाजूला घेऊन प्रेमानं सांगितलं, “भाई, ये चिपळूण नहीं है. इकामा प्यारा है ना?” प्यारा होता, इकामा गेला की इथं राहायचा परवानाच गेला. आईनं फोनवर तेच सांगितलं, “पोरा, तू मधी पडू नको, गप ऱ्हा.” गप राहणं मला कधी जमलेलं नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी शीतगोदामाच्या छतावर चिलर चढवायचा होता. चिलर म्हणजे सगळ्या इमारतीला गार पाणी पुरवणारं यंत्र, लहान ट्रकएवढं. छतावर मी, माझा जोडीदार रिगर आणि गुल. खाली केबिनमध्ये शौकत. बलबीर गेटवर, येणाऱ्या गाड्यांना लाल-हिरवं निशाण दाखवत.

सकाळी शिडीपाशी कुणी कुणाला ‘घर?’ विचारलं नाही. गेट लांब होतं.

गुल वाईट माणूस नाही, हे आधी लिहून ठेवतो, कारण नंतर सगळं त्याच्यावर ढकलायचा प्रयत्न झाला. त्याची टॉवर क्रेनवरची सवय अशी की एकदा “नीचे” म्हणायचं, मग गप्प बसायचं आणि वेळ आली की “बस” म्हणायचं. शौकतचे कान बलबीरनं घडवलेले. गुल गप्प झाला की शौकत थांबवायचा. चिलर हिसका खाऊन डुलायला लागायचा. पुन्हा “नीचे”, पुन्हा शांतता, पुन्हा हिसका. शेवटी गुल वैतागून म्हणाला, “उस्ताद, जब तक मैं बस ना बोलूँ, चलते रहो!” शौकत म्हणाला, “ठीक है.” सिग्नलमनचं ऐकायचं, हाच तर नियम. आणि त्या ‘ठीक है’बरोबर शांततेचा अर्थ उलटा झाला. आतापर्यंत शांतता म्हणजे थांब. आता शांतता म्हणजे चालू दे.

चिलर कठड्यापलीकडे आला. मी वाकून पॅड सरळ करायला हात आत घातले. गुल “बस” म्हणाला. मला ऐकू आलं, मी शेजारीच होतो. पण त्याच्या वॉकीटॉकीनं नेमका तेव्हा जीव सोडला होता. शौकतला ऐकू आली ती शांतता, आणि तो सांगितल्याप्रमाणे चालत राहिला. गुल कठड्याकडे धावला, ओरडला, हात हलवले. त्याच्या मागं सूर्य. खालून तो दिसला नाही. माझं कोपर पट्ट्यात अडकलं होतं. मी वर बघितलं तर ट्रकएवढं लोखंड शांतपणे माझ्या बोटांवर उतरत होतं.

आणि थांबलं. वीतभर वर.

मी हात काढले, सगळी बोटं जागेवर आहेत का ते चाचपलं आणि मग कठड्यावरून खाली बघितलं. क्रेनच्या केबिनसमोर, धुळीत, बलबीर उभा होता. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरलेले, तळवे खाली. आमच्या धंद्यात याला आणीबाणीचा थांबा म्हणतात. गेटवरून त्याला मी दिसत नव्हतो. पण चिलरचे हिसके बघून तो आधीच पुढं सरकला होता, त्या बाजूनं सूर्य आड येत नव्हता, आणि त्याला दिसला कठड्यावर हात हलवणारा गुल आणि तरीही उतरत राहिलेला हुक. सिग्नल खाली पोचत नाही हे त्याला कळलं, आणि निशाणं टाकून तो धावत सुटला. शौकतनं त्याला पाहिलं मात्र, दांडा सोडला. हा आता सिग्नलमन आहे की गेटवाला, आपला आहे की पलीकडचा, असला विचार त्याच्या हातानं केला नाही. मी त्या दिवशी दहा बोटं घेऊन खाली उतरलो आणि याच बोटांनी हे लिहितोय.

चव्हाणसाहेब घामानं निथळत आले. घाबरलेला माणूस रागावतो तसे रागावले होते. “गेट छोडके तू इधर कैसे? तेरेको सिग्नल से हटाया था ना?”

बलबीर दम खात म्हणाला, “साहब, उठाने का सिग्नल एक ही आदमी देता है. रोकने का कोई भी दे सकता है. मैं भी. आप भी.”

हा नियम आम्हाला चव्हाणसाहेबांनीच शिकवला होता. फळ्यावर चित्र काढून, दर महिन्याला. 

मी म्हणालो, “सर, आता ज्यांचे हात वजनाखाली जातात त्यांना विचारा. छतावर सिग्नलला कोण हवा?”

“इथं मतदान नको, तन्वीर.”

“मग माझे हातमोजे घ्या. तुम्ही वर चला.”

 मग गँगकडे वळून त्यांनी खरंच विचारलं. सगळ्यात आधी हात वर गेला तो गुलचा. “साहब, मैंने तो पहले ही बोला था, मैं टॉवर का आदमी हूँ. सरदार को ऊपर भेजो.” मग बाकीचे हात. एका परदेशी वाळवंटात, युनियन नाही, मोर्चा नाही, फलक नाही, आणि एक अन्याय्य हुकूम भर दुपारी मागे घेतला गेला. चिपळूणला आम्ही आठ-आठ पत्रकं काढून एक नळ मिळवू शकलो नव्हतो.

दोन दिवसांनी संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली. मेसमध्ये टाळ्या पडल्या, ज्या दोन टेबलांत जुंपली होती त्यांनी एकमेकांना इथला कडक ‘करक’ चहा पाजला. तेवढ्यात बलबीरचा फोन वाजला. बायको. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “वो बोलती है, कहाँ बंद हुआ? अभी भी गिर रहे हैं.” फोन तुटला. शौकतनं आपल्या घरी लावला. लागला नाही. टीव्हीवर अजून अभिनंदनं चालू होती.

सकाळी शेवटचा चिलर बाकी होता. शिडीपाशी बलबीरनं विचारलं, “घर?”

शौकत म्हणाला, “पता नहीं.” मग त्यानं विचारलं, “घर?”

“पता नहीं.”

दोघं क्रेनच्या पायाखालच्या लाकडी ठोकळ्यांवर बसले. आम्हीही बसलो. भाड्यानं आणलेली क्रेन उभी, ट्रकवर चिलर उभा, ऊन चढत चाललेलं.

चव्हाणसाहेबांची गाडी आली. “याल्ला! क्रेन का थांबलीय?”

“उत्तर आलं नाही, सर,” मी म्हणालो, आणि पुढच्या भांडणासाठी बाह्या सरसावल्या.

भांडण झालं नाही. ते गाडीतून उतरले. मग हेल्मेट काढून ठोकळ्यावर बसले, अगदी शौकतच्या शेजारी, आणि मला मराठीत म्हणाले, “माझा भाचा तिकडं सरहद्दीवर पोस्टिंगला आहे. साताऱ्याची बहीण रोज विचारते, काही कळलं का. मला इथं काय कळणार?”

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. जोडी तोडली तेव्हाही नाही. मराठी बलबीरला कळत नाही, पण चेहरा कळला. त्यानं विचारलं, “साहब, घर?”

चव्हाणसाहेब म्हणाले, “पता नहीं.”

मग आम्ही सगळेच बसलो. गुलनं पाण्याची बाटली फिरवली. बऱ्याच वेळानं शौकतचा फोन वाजला. गोठा गेला, माणसं बरी. “खैर,” तो म्हणाला आणि डोळ्यांवर हात ठेवला. मग बलबीरचा. चुलीकडची भिंत पडली, सगळे शाळेत झोपले होते. “खैर.”

दोघांनी हातमोजे उचलले. चढवले मात्र नाहीत.

“चला, चालू करा,” चव्हाणसाहेब म्हणाले. “मेरे लिए मत रुको. वजन उठाने में मैं नहीं हूँ.”

शौकत शिडीवर एक पाय ठेवून उभा होता. ज्या बाजूच्या तोफा त्या भाच्याच्या चौकीवर लागलेल्या होत्या, त्या बाजूचा माणूस. तो म्हणाला, “साहब, नीचे तो आप भी खडे हो.” आणि पाय खाली घेऊन परत बसला.

दुपारच्या बांगेच्या थोडं आधी साताऱ्याहून बहिणीचा निरोप आला. चव्हाणसाहेबांनी तो वाचला, फोन खिशात ठेवला.

“खैर,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द साताऱ्याच्या हेलात आला. शौकत शिडीला शिवी देत वर चढला. बलबीर छतावर आला आणि सुरू झाला, “आण, आण, आण, हळू, आण.” मी हात आत घातले. चिलर बोल्टवर असा बसला की पाना लावायच्या आधीच भोकाला भोक जुळलं होतं. एवढं सुबक काम मी आयुष्यात केलेलं नाही.

त्यानंतर एगैला वस्तीत तुमच्यापैकीच एकाच्या घरी मी हे सगळं सांगत होतो. एक गृहस्थ हसून म्हणाले, “तुला त्यांचा पुळका येणारच. नाव तन्वीर ना तुझं?” बाकीचे ताटात बघू लागले. एकानंही हात वर केला नाही. त्या गृहस्थांना तिथं दिलं ते उत्तर इथं छापतो. मला पुळका आहे तो वजनाखाली हात असलेल्या माणसाचा. बलबीरची बायको वजनाखाली आहे, शौकतची आई आहे, चव्हाणसाहेबांचा भाचा आहे. लांब बसून दांडा ओढणाऱ्याला वजनाखालचं काही दिसत नाही, आणि टीव्हीसमोर टाळ्या वाजवणाऱ्याला तर त्याहून नाही.

शौकतचा करार संपला, तो गावी गेला. जोडी शेवटी मोडलीच, पण हुकमानं नव्हे. बलबीर अजून रोज सकाळी त्याला फोनवर एकच शब्द विचारतो.

आता मागणी. शस्त्रसंधी पुन्हा मोडेल. तुमच्या घरच्या ग्रुपवर धुराचा एखादा व्हिडिओ येईल, खाली टाळ्या आणि झेंडे असतील, आणि तुमचं बोट तो पुढे पाठवायला उचललं जाईल. थांबवायचा सिग्नल कुणीही देऊ शकतो. तुम्हीही. तेव्हा ते बोट तिथंच थांबवा, आणि ग्रुपमध्ये तुमच्या नावानिशी लिहा, ‘थांबा’. मग तुमच्या ऑफिसात, दवाखान्यात, दुकानात पलीकडच्या बाजूचा जो कोणी माणूस काम करतो, त्याच्यापाशी जा आणि विचारा, “घर?”

आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या शेजारी बसा.